होनाजी बाळा यांच्या लावण्या

उत्तर पेशवाईतील शाहीर होनाजी सयाजी शिलारखाने (1754–1844) यांची लौकिक गेय रचना. होनाजी पुण्याचे, व्यवसाय गवळ्याचा, घराण्यात शाहिरी पूर्वापार. कवने होनाजी रचत व त्यांचे सहकारी बाळा करंजकर ती गात. म्हणून अखेरच्या चरणातील नाममुद्रेत दोघांची नावे जोडून येतात. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना आश्रय दिला.

विरह, रुसवा, प्रियकराची वाट पाहणे हे या लावण्यांचे मुख्य विषय. बऱ्याचदा बोलणारी स्त्रीच असते. तिची व्यथा घरगुती, नादमधुर मराठीत उतरते, हे होनाजींचे मोठे सामर्थ्य. फडावर मुख्य गायक चौक म्हणतो, ढोलकी-तुणतुण्याची साथ असते आणि झीलकरी पालुपद वरच्या सुरात उचलून धरतात. लावणीला रागदारीचे वळण देऊन ती बैठकीत रुजवण्याचे श्रेय परंपरेने होनाजींना दिले जाते.

इंग्लंडात 1600च्या सुमारास टॉमस मोर्ली, जॉन विल्बी यांनी रचलेली मॅड्रिगल गीतेही प्रेमविषयक व लोकभाषेतील होती. मात्र त्यांत अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरावली गातात, तर लावणी एका सुरावटीवर उभी असते.

‘घनश्याम सुंदरा’ ही होनाजींची भूपाळी भक्तिपर असून सर्वांत लोकप्रिय ठरली. व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ (1951) हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर आहे. त्याचे संगीतकार वसंत देसाई. भूपाळीच्या कीर्तीमुळे लावण्या झाकोळल्या, तरी होनाजींची खरी प्रतिभा त्यांतच दिसते.