विद्युत् मस्तिष्कालेखन
विद्युत् मस्तिष्कालेखन : मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) क्रियेमुळे डोक्याच्या त्वचेवर विद्युत् दाबाचे जे सूक्ष्म फरक उमटतात, ते विवर्धित करून सलग लहरींच्या रूपात नोंदण्याची पद्धत. व्यवहारात ती ‘ईईजी’ या नावाने ओळखली जाते.

इतिहास : इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील वैद्य रिचर्ड केटन यांनी 1875 मध्ये ससे व माकडे यांच्या उघड्या केलेल्या मेंदूवर विद्युत् प्रवाह आढळल्याचे जाहीर केले. मानवी मेंदूची पहिली नोंद जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये घेतली व ती 1929 मध्ये प्रसिद्ध केली; परंतु केंब्रिजच्या एडगर एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज यांनी 1934 मध्ये तेच प्रयोग करून दुजोरा देईपर्यंत तिच्याविषयी शास्त्रज्ञ साशंकच होते.

तत्त्व व कार्यपद्धती : एकट्या कोशिकेचा संदेश कवटीबाहेर टिपता येत नाही. मेंदूच्या बाह्यकात (पृष्ठभागावरील करड्या थरात) एकमेकींना समांतर असलेल्या हजारो कोशिका एकाच वेळी उद्दीपित झाल्या, म्हणजेच त्यांच्या दाबांची बेरीज त्वचेपर्यंत पोहोचते आणि तीही साधारणपणे 10 ते 100 मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशाच्या पटीत, एवढीच असते. त्यामुळे त्वचा व विद्युत् अग्रे यांचा संपर्क नीट राहावा म्हणून रुग्णाला केस धुऊन, तेल न लावता येण्यास सांगतात आणि अग्रांखाली विद्युत् संवाहक लेप लावतात. 1958 मध्ये रूढ झालेल्या ‘10–20 पद्धती’त नाकाच्या मुळापासून डोक्यामागील हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर 10 व 20 टक्क्यांच्या भागांत विभागून अग्रांच्या जागा ठरवितात. त्यामुळे डोके लहान असो वा मोठे, दोन नोंदींची तुलना करता येते. डाव्या बाजूच्या अग्रांना विषम आणि उजव्या बाजूच्या अग्रांना सम अंक देतात. पापणी लवली तरी पुढच्या अग्रांवर मोठी लाट उमटते, कारण नेत्रगोल स्वतःच विद्युत् भारित असतो. अशा बाह्य खुणा वगळूनच आलेख वाचावा लागतो.

लहरी : डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीच्या डोक्याच्या मागील भागावर सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात व डोळे उघडताच त्या क्षीण होतात. त्यांहून जलद लहरींना बीटा, 4 ते 8 आवर्तनांच्या लहरींना थीटा व त्यांहून मंद लहरींना डेल्टा म्हणतात. गाढ झोपेत डेल्टा लहरी स्वाभाविक असतात, मात्र जाग्या प्रौढ व्यक्तीत त्या सतत एकाच जागी आढळल्यास तेथे इजा किंवा गाठ असल्याचा संशय घेतात.

उपयोग व मर्यादा : अपस्माराचे (फेफऱ्याचे) निदान व प्रकारनिश्चिती हा या पद्धतीचा प्रमुख उपयोग होय. मूल काही सेकंद भान हरपून एकटक पाहत राहते, त्या प्रकारात सेकंदाला सुमारे 3 वेळा टोकदार शिखर व त्यामागोमाग लाट अशी जोडी उमटते. ही खूण 1935 मध्ये अमेरिकेत वर्णिली गेली. निद्राविकार, बेशुद्धावस्था व शस्त्रक्रियेतील भूल यांच्या परीक्षणातही ही पद्धत वापरतात. मेंदूतील बदल ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक टिपते, परंतु कवटीमुळे विद्युत् क्षेत्र पसरत असल्याने त्या बदलाची जागा तिला ढोबळपणेच सांगता येते. याउलट रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावर आधारलेले कार्यात्मक एमआरआय परीक्षण जागा काही मिलिमीटरपर्यंत दाखविते, मात्र त्याचा प्रतिसाद काही सेकंद उशिरा येतो. म्हणून संशोधनात पुष्कळदा दोन्हींचा एकत्र उपयोग करतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात अपस्माराच्या रुग्णाचाही आलेख सर्वसाधारण येऊ शकतो, म्हणून केवळ तेवढ्यावरून अपस्मार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही; झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेले त्याचे वर्णन निदानात तितकेच महत्त्वाचे असते.