पुन्हा मध्यवर्ती यंत्राकडे

सांख्यिकी विभागाचे संगणक केंद्र १९६७ साली स्थापन झाले. आर. के. पुरमच्या ईस्ट ब्लॉकमधील या केंद्रात साऱ्या खात्याची आकडेवारी एका ठिकाणी जाई. पुढे टेबलाटेबलावर संगणक आले. माझ्या एका जुन्या कार्यालयात अशाच संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली आणि तीन वर्षांची टिपणे गेली. प्रत ठेवणे कोणाच्याच कामात नेमलेले नव्हते!

२००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम समाविष्ट झाले. त्यामुळे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी डेस्कटॉप परवानाशुल्काविना चालवता येतात. अधिकाऱ्याची बदली झाली तरी काम सर्व्हरवरच राहते. केंद्राच्या २०१५ च्या धोरणानेही मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य दिले. मात्र सर्व्हर बंद पडला की सारा कक्ष बसून राहतो. म्हणून प्रस्तावात मी आधी दुसऱ्या सर्व्हरची आणि तो सांभाळणाऱ्या माणसाची तरतूद शोधतो.