खुंट, खळी आणि बिजागरी

देहूतलं आमचं जुनं घर गेल्या उन्हाळ्यात पाडलं. तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. बाबांनी एकच वस्तू मागे ठेवली, कोठीच्या खोलीचं सागवानी दार. ते नव्या घरात माझ्या खोलीला बसवायचं ठरलं. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. तीन बिजागऱ्या, थोडे स्क्रू, संपलं.

सुतारकाकांनी दार आडवं टाकलं आणि एका कडेवरून हात फिरवला. "ह्याला बिजागरी कधी नव्हतीच, दादा. हे खुंटावरचं दार. बिजागरी लावायची तर खुंट कापावे लागतील."

"कापा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. बाबा म्हणाले, "थांब जरा." ते थांबणं आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात जे वाचलं आणि पाहिलं, ते इथे लिहितोय.

आधी खुंट म्हणजे काय ते सांगतो. दाराची एका बाजूची उभी फळी वर आणि खाली चारेक बोटं लांब ठेवलेली होती आणि ती टोकं गोल तासलेली होती. खालचं टोक उंबरठ्यातल्या खळीत बसायचं, वरचं चौकटीच्या वरच्या लाकडातल्या भोकात. दार या दोन टोकांवर फिरायचं. लोखंडाचा तुकडाही लागत नसे.

ही युक्ती फार जुनी आहे. आजच्या इराकमध्ये, सुमेरी शहरांच्या उत्खननात, दाराचा खालचा खुंट ज्यात फिरायचा असे दगड सापडले आहेत. लाकूड केव्हाच कुजून गेलं, खळीचे दगड उरले. काहींवर राजाचं नाव कोरलेलं आहे. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वीच्या लगशच्या गुडेयाचे असे दगड आज संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे मात्र एका सुताराचंच नाव उरलं आहे. देहूहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने लोणावळ्याकडे निघालं की कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं, एवढीच नोंद. लेख साधारण २,००० वर्षांपूर्वीचा. त्यात सुतारासाठी 'वढकी' असा शब्द आहे. विदर्भात सुताराला 'वाढई' म्हणतात, तो याच कुळातला. चैत्यगृहाच्या छताखाली त्या काळच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. मी शाळेच्या सहलीत तिथे गेलो होतो. तेव्हा हत्ती पाहिले होते, सामी कुणी दाखवला नव्हता.

खुंटाच्या दाराचा हिशेब सरळ असतो. दाराचं सगळं वजन खालच्या खुंटावरून थेट उंबरठ्यात उतरतं. वरचा खुंट फक्त दाराला कलू देत नाही. म्हणून कितीही जड दार यावर पेलतं. पण घर्षण भरपूर, खुंट झिजतो, दार कुरकुरतं. वाड्याचा अवजड दरवाजा सारखा उघडणं परवडत नसे, म्हणून त्याच्याच फळीत माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार ठेवायचे. त्याला दिंडी म्हणतात. देहूत दिंडी म्हटलं की आधी वारकऱ्यांची दिंडी आठवते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची दिंडी मात्र याच दुसऱ्या अर्थाची.

खुंटाची अडचण आणखी एक. चौकट जोडतानाच दार त्यात अडकवावं लागतं. मग चौकट सोडवल्याशिवाय किंवा भोक मोठं केल्याशिवाय ते सहज निघत नाही. दार आणि चौकट एकाच सुताराच्या हातून, एकाच वेळी तयार होतात.

बिजागरीने ही जोडी सोडवली. हा शब्द पोर्तुगीज 'बिझाग्रा'वरून आला. मूळ गोव्याचे भाषापंडित सेबास्तियाँव दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ छापला, त्यात हा शब्द आहे. गुजरातीत त्याचंच 'मिजागरुं' झालं. वसईचा पट्टा १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, गोवा त्याहूनही जास्त काळ. चावीही त्यांचीच आणि मिस्त्रीही. म्हणजे "मिस्त्री, बिजागरी बसवा आणि चावी द्या" या वाक्यातली तिन्ही नामं समुद्रावरून आलेली आहेत. दार, चौकट आणि उंबरठा मात्र आधीपासून इथलेच.

आज आपण जी दोन पातींची बिजागरी वापरतो, तिच्या ओतीव लोखंडी रूपाचं पेटंट इंग्लंडमध्ये १७७५ साली आयझन आणि व्हाइटहर्स्ट या दोघांनी घेतलं. पुढच्या शतकात यंत्रावर बनलेले टोकदार स्क्रू स्वस्त झाले. मग दार एकीकडे, चौकट दुसरीकडे आणि बिजागरी तिसरीकडे बनवून चौथ्याच माणसाने जोडणं शक्य झालं. आज गृहप्रकल्पांतल्या शेकडो खोल्यांना एकाच मापाची दारं लागतात, ती त्यामुळेच.

पण वजनाचा हिशेब बदलला. आता दार लटकतं. आमचं दार अंदाजे ३५ किलोचं, रुंदी ७० सेंटिमीटर, वरच्या आणि खालच्या बिजागरीत अंतर १२०. मी कागदावर गणित मांडलं. खालची बिजागरी चौकटीत दाबली जाते आणि वरची साधारण १० किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते, दिवसरात्र. म्हणून वरचे स्क्रू आधी ढिले होतात आणि दार कडीच्या बाजूने खाली बसतं.

शनिवारी काका पुन्हा आले. त्यांनी खालचा खुंट ओल्या फडक्याने पुसला तेव्हा जोड दिसला. मूळ खुंट झिजून गेल्यावर कुणीतरी वेगळ्या लाकडाचा तुकडा बसवला होता, रंगही निराळा. बाबा बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "म्हणजे आजोबांच्या आधीही कुणी हे कापलंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "घ्या करवत."

पुढचं काम मी जवळून पाहिलं. काकांनी आधी ओळंबा सोडून चौकट तपासली, कारण चौकट कललेली असेल तर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. मग दाराच्या कडेवर बिजागऱ्या ठेवून पेन्सिलने आखणी केली आणि पटाशीने खाचा काढल्या. खाच पातीच्या जाडीएवढीच हवी. उथळ राहिली तर फट दिसते, खोल गेली तर दार मिटताना चौकटीला अडतं आणि स्क्रू उपटायला लागतात. एक खाच जरा खोल गेली, तिच्यात त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी घातली. तिन्ही पिना एका सरळ रेषेत हव्यात, म्हणून सुतळी ताणून पाहिली. प्रत्येक पातीत आधी एकच स्क्रू, दार हलवून बघायचं, मग बाकीचे.

कडीच्या बाजूला मी एक सूत फट धरली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीनेक मिलिमीटर. काका म्हणाले, "दीड ठेव. मावळचा पाऊस आहे." जुलैत दार फुगलं, पण अडलं नाही.

जुन्या दाराचा आवाज यायचा. कोठीत कोण शिरलं ते आजीला अंथरुणातून कळायचं. आता येत नाही. ती अधूनमधून विचारते, "दार लावलंस का रे?"

खुंट माझ्या टेबलाच्या खणात आहेत. दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे काकांनी पेन्सिलने मापं लिहिली होती. पॉलिश करणारा ती घासायला निघाला. मी म्हटलं, तेवढं राहू द्या. मग काकांना बोलावून त्याखाली त्यांचं नाव आणि गाव लिहून घेतलं.