अ‍ॅनस्ली घराण्याची उमरावी

इ. स. १८०४ साली लॉर्ड व्हॅलेन्शिया हा विलायती प्रवासी मुंबईहून घाट चढून पुण्यास आला. वसईचा तह होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि दख्खनेत दुष्काळ होता. रेसिडेंट कर्नल क्लोज ह्याच्या द्वारा त्याने दुसऱ्या बाजीरावाची भेट घेतली आणि पुढे १८०९ साली आपला प्रवासग्रंथ तीन खंडांत छापला. आमचे इतिहासकार त्यातील दरबारचे वर्णन घेतात आणि वर्णनकर्त्यास सोडून देतात. आम्हास मात्र त्या पाहुण्याच्या पदवीविषयीच कुतूहल वाटू लागले. आणि शोध घेता असे आढळले की, यजमान आणि पाहुणा ह्या दोघांच्याही मागे एकाच जातीची भाऊबंदकी उभी होती. नारायणरावाचे मूल खरे नव्हे, असे बाजीरावाचा पिता रघुनाथराव ह्याच्या पक्षाने उठविले होते. व्हॅलेन्शियाच्या आजाने आपल्या सख्ख्या पुतण्यास दासीपुत्र ठरविण्यासाठी सारी हयात खर्ची घातली. पुण्याची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. डब्लिनची येथे सांगतो.

अ‍ॅनस्ली हे मूळचे इंग्रज घराणे. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस अ‍ॅनस्ली आयर्लंडात गेला, तेथे जमिनी मिळविल्या, आणि केरी परगण्याच्या किनाऱ्यावरील बेटाचे नाव असलेली व्हायकाउंट व्हॅलेन्शिया ही पदवी घराण्यात आणली. ही पदवी आधीच एका दुसऱ्या गृहस्थाकडे होती. तो निपुत्रिक वारल्यास ती अ‍ॅनस्लीस मिळावी, असा हक्क त्याने राजाकडून आगाऊ लिहून घेतला होता. मध्यंतरी सुभेदार वेंटवर्थ ह्याच्याशी त्याचे बिनसले आणि १६३५ साली लष्करी न्यायसभेने त्यास देहान्ताची शिक्षाही फर्माविली. ती अमलात आली नाही एवढेच. त्याचा पुत्र आर्थर ह्यास १६६१ साली अर्ल ऑफ अँगलसी ही पदवी मिळाली. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. व्हॅलेन्शिया ही आयर्लंडच्या उमरावसभेतील पदवी आणि अँगलसी ही इंग्लंडच्या. माणूस एक असला तरी त्याच्या हक्काचा न्याय करणाऱ्या सभा दोन होत्या. धाकट्या शाखेस १६८१ साली बॅरन ऑल्थम ही आणखी एक आयरिश पदवी मिळाली.

चौथा बॅरन ऑल्थम, आर्थर, हा कर्जबाजारी आणि मद्यपी होता. बकिंगहॅमच्या ड्यूकची अनौरस कन्या मेरी शेफील्ड ही त्याची पत्नी. वेक्सफर्ड परगण्यातील डनमेन येथे १७१५ साली त्याच्या घरी जेम्स नावाचा मुलगा वाढू लागला. मुलगा घरात होता ह्याविषयी वाद नाही. तो कोणाच्या पोटचा, ह्याविषयीच पुढे सारे रण माजले. १७१७ साली पतीने पत्नीवर व्यभिचाराचा आळ घेतला, संशयित तरुणाचा कान कापविला आणि पत्नीस घराबाहेर काढले. मुलगा बापाजवळ राहिला. पण बापाच्या घरी दुसरी बाई आली, आणि काही वर्षांत तो उमरावाचा पोर डब्लिनच्या गल्ल्यांतून उघडा-नागडा भटकू लागला. पर्सेल नावाच्या खाटकाने त्यास काही काळ घरात ठेवून घेतले. ह्या संपूर्ण प्रकरणात निरपेक्ष दया दाखविणारी माणसे फार थोडी, आणि त्यांत हा खाटीक पहिला.

नोव्हेंबर १७२७ मध्ये ऑल्थम वारला. धाकटा भाऊ रिचर्ड ह्याने आपणच वारस म्हणून पदवी घेतली, आणि पुढल्या वसंतात बारा-तेरा वर्षांच्या जेम्सला पकडून अमेरिकेस जाणाऱ्या जहाजावर चढविले. डेलावेअर नदीकाठच्या वसाहतीत तो मुदतबंद चाकर म्हणून विकला गेला. पळून जाण्याचे प्रयत्न फसले की मुदत वाढे. अशी बारा वर्षे गेली. अखेर १७४० साली तो जमेकास पोहोचला आणि अ‍ॅडमिरल व्हर्नन ह्याच्या आरमारात खलाशी म्हणून दाखल झाला. तेथे त्याने आपली हकीकत सांगितली, ती काहींस पटली, आणि १७४१ साली तो इंग्लंडास परतला. दरम्यान १७३७ साली एका चुलतभावाच्या मृत्यूने अँगलसी आणि व्हॅलेन्शिया ह्या दोन्ही पदव्या रिचर्डकडे आल्या होत्या. म्हणजे पुतण्या परतला तेव्हा पणाला लागलेले डबोले दसपट झाले होते.

मे १७४२ मध्ये स्टेन्स गावाजवळ जेम्सच्या हातून बंदूक सुटून एक मनुष्य ठार झाला. रिचर्डला ही पर्वणीच वाटली. त्याने स्वतःच्या पैशाने खुनाचा खटला चालविला. परंतु अपघात सिद्ध होऊन जेम्स सुटला. मग तो आयर्लंडात गेला, आणि कँबेल क्रेग नावाच्या कुळास मीथ परगण्यातील जमीन पट्ट्याने देऊन त्या कुळाकडून चुलत्यावर कब्जाचा दावा लावविला. वारसाहक्काचा निकाल असा कुळाच्या नावाने लावून घेण्याची तेव्हा इंग्रजी कायद्याची रीतच होती.

११ नोव्हेंबर १७४३ रोजी डब्लिनच्या एक्स्चेकर न्यायालयात हे काम उभे राहिले आणि पंधरा दिवस चालले. मुद्दा एकच: लेडी ऑल्थम डनमेन येथे प्रसूत झाली की नाही? पुरावा मुख्यतः तोंडी, आणि तोही मोलकरणी, दाया, गडी, शेजारी ह्यांच्या तोंडचा. रिचर्डचे म्हणणे, हा पोर जोन लँडी ह्या दासीचा. जेम्सचे म्हणणे, जोन लँडी ही आपली दूधआई. एकीने बाळंतपण पाहिल्याचे सांगावे, तर बाईसाहेबांची खास दासी मेरी हीथ हिने, बाईसाहेबांना मूल कधी झालेच नाही, असे शपथेवर सांगावे. दूधआईच्या झोपडीपर्यंत गाडी जावी म्हणून मुद्दाम रस्ता करविला होता, अशीही साक्ष पडली. दासीच्या पोरासाठी कोणता उमराव रस्ता बांधील, हा त्यातला प्रश्न. ज्यांना एरवी दिवाणखान्यात बसण्यास सांगितले नसते, त्यांच्या स्मरणशक्तीवर एका उमराव घराण्याचे भवितव्य लटकलेले होते.

परंतु खटल्याचा कणा निराळाच ठरला. रिचर्डचा जुना वकील जॉन गिफर्ड साक्षीस उभा राहिला. जेम्स फासावर जाईल तर आपण दहा हजार पौंड देऊ, असे रिचर्ड आपणांस बोलल्याचे त्याने सांगितले. पक्षकाराचे गुपित वकिलाने फोडावे काय, ह्यावर मोठा वाद झाला. दुष्ट हेतूने सांगितलेले गुपित हे वकिलीचे गुपित नव्हे, अशा विचाराने न्यायाधीशांनी साक्ष घेतली, आणि ह्याच कारणाने कायद्याच्या ग्रंथांत हा खटला अद्यापि उद्धृत होतो. चुलत्याचा जन्मभराचा खटाटोप कायद्यात एवढी एक तळटीप ठेवून गेला. आमच्या मते ज्यूरीच्या मनात ह्या साक्षीनेच ठिणगी टाकली असावी: मूल खरोखर दासीचे असते, तर त्याची एवढी भीती कशास?

निकाल जेम्सच्या बाजूने झाला. तथापि पदवी त्यास मिळाली नाही. चुलत्याने अपिले आणि अडथळे ह्यांची रास रचली. १७४५ साली मेरी हीथवर खोट्या साक्षीचा खटला झाला, त्यात ती निर्दोष सुटली, म्हणजे एका ज्यूरीने दिलेले दुसरीने निम्मे काढून घेतले. जेम्सपाशी पैसा उरला नाही. जानेवारी १७६० मध्ये तो वारला. पुढल्याच वर्षी रिचर्ड वारला, तो सर्व पदव्यांसह.

आणि आता रिचर्डच्याच मुलाचा औरसपणा चव्हाट्यावर आला. रिचर्डने पहिली पत्नी हयात असताना दुसरी केली होती. पहिली १७४१ साली वारली. ज्युलिआना डोनोव्हन हिच्याशी त्याने १७५२ साली उघड विवाह केला. पण तिचा मुलगा आर्थर जन्मला होता १७४४ साली. आईबापांच्या मागाहून झालेल्या विवाहाने मूल औरस ठरविण्यास तेव्हाचा इंग्रजी कायदा तयार नव्हता. तेव्हा १७४१ सालीच गुप्त विवाह झाल्याचा दाखला पुढे करण्यात आला, आणि त्याच्या खरेपणावर सारे येऊन ठेपले. आयर्लंडच्या उमरावसभेने तो मानला. आर्थर व्हायकाउंट व्हॅलेन्शिया म्हणून तेथे बसू लागला. इंग्लंडच्या सभेने १७७१ साली तो नाकारला. अर्ल ऑफ अँगलसी ही पदवी १७६१ सालीच लुप्त झाली असे ठरले. एकच पुरुष समुद्राच्या अलीकडे औरस आणि पलीकडे अनौरस! वॉटर्लूच्या रणात पाय गमावलेल्या सेनानीस १८१५ साली अँगलसीचा मार्क्विस केले, तो सर्वस्वी निराळ्या, पॅजेट घराण्याचा.

आर्थरला १७९३ साली आयर्लंडात अर्ल ऑफ माउंटनॉरिस ही नवी पदवी मिळाली. त्याचा मुलगा जॉर्ज, म्हणजेच आमचा प्रवासी. बाप हयात असता थोरल्या मुलाने बापाची दुय्यम पदवी वापरावयाची, ह्या शिष्टाचाराने तो व्हॅलेन्शिया म्हणवीत असे. त्याचाही संसार न्यायालयाच्या पायरीवरून सुटला नाही. पत्नीच्या प्रियकरावर त्याने १७९६ साली दावा लावला आणि दोन हजार पौंड भरपाई मिळविली. १८०२ साली चित्रकार हेन्री सॉल्ट ह्यास बरोबर घेऊन तो पूर्वेकडे निघाला. १८१६ साली बाप वारल्यावर तो अर्ल झाला. त्याचे मुलगे त्याच्या आधीच गेले. १८४४ साली तो स्वतः गेला आणि माउंटनॉरिसची अर्लकी संपली. व्हॅलेन्शियाची जुनी पदवी तेवढी टिकली. पहिल्या फ्रान्सिसच्या दुसऱ्या वंशशाखेतील एका दूरच्या भाऊबंदाकडे ती गेली, आणि ह्या वेळी मात्र हरकत घेणारे कोणी नव्हते.