न विरघळण्याचे मोल

सोलापूरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद टाकला, की त्यातला बराचसा कॅल्शियमशी संयोग पावून अडकून बसतो आणि पिकाच्या मुळांना लागत नाही. इथल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. स्फुरद विरघळवणारी जिवाणूखते तो त्यासाठीच आणतो. या अनुभवातून एक समज रुजला आहे: जो फॉस्फेट विरघळत नाही, तो वाया गेला. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हापासून हाच समज दुसऱ्या रूपात ऐकू येतो. सगळी चर्चा चुंबकांची आणि विजेवरच्या गाड्यांची. रेअर अर्थ फॉस्फेट म्हणजे धातू काढून घेण्यासाठी फोडायचे एक चिवट खनिज, त्याला स्वतःची अशी किंमत नाही, असे धरून चालले जाते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूत सापडणारे मोनॅझाइट हे मुख्यतः सीरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम यांचे फॉस्फेट असते. त्यात थोरियमही असते. 1950 साली स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीने केरळात अलुवा येथे ते फोडण्याचे काम सुरू केले. त्यासाठी तीव्र कॉस्टिक सोड्यात ते तापवावे लागते. निओडिमियमशिवाय आजचे शक्तिशाली चुंबक होत नाहीत, तेव्हा हे फोडणे आवश्यकच आहे. एवढे मान्य. पण त्यावरून फॉस्फेट निरुपयोगी ठरत नाही. खनिज फोडताना जी अडचण ठरते, तीच अविद्राव्यता इतर ठिकाणी कामाला येते.

सोडियम फॉस्फेटच्या पाण्यात लॅन्थॅनम नायट्रेटचे थेंब सोडा. लगेच पांढरा, बुळबुळीत साका धरतो. हे जलयुक्त लॅन्थॅनम फॉस्फेट. त्याचा विद्राव्यता गुणाकार सुमारे 10 च्या उणे 25व्या घाताइतका, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखा. हाच साका भट्टीत चांगला तापवला, की पाणी निघून जाते आणि मोनॅझाइटचीच स्फटिकरचना तयार होते. ती सुमारे 2,000 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही.

आता तलावाकडे वळू. सांडपाण्यातून आलेला स्फुरद हे पाण्यातल्या शेवाळाचे मुख्य खाद्य. तो बांधून ठेवायला लोह स्वस्त, मग लॅन्थॅनम कशाला, असा आक्षेप येतो. उत्तर रसायनात आहे. तळाचा प्राणवायू संपला, की फेरिक लोहाचे फेरस होते आणि त्याने धरलेला फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटतो. लॅन्थॅनमची संयुजा पाण्यात तीनच राहते. प्राणवायू असो वा नसो, त्याची पकड सुटत नाही. याच गुणावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत 1990च्या दशकात लॅन्थॅनम भरलेली बेंटोनाइट माती विकसित झाली. ती पाण्यातून खाली जाताना फॉस्फेट धरते आणि तळाच्या गाळावर थर होऊन बसते.

तीच क्रिया माणसाच्या पोटातही घडवून आणली जाते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात फॉस्फेट साचतो आणि डायलिसिसने तो पुरेसा निघत नाही. लॅन्थॅनम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत चावून खायची. अन्नातला फॉस्फेट आतड्यातच बांधला जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. अमेरिकेत या औषधाला 2004 साली मान्यता मिळाली. तयार होणारे लॅन्थॅनम फॉस्फेट विरघळणारे असते, तर औषध झालेच नसते.

अविद्राव्य म्हणजे निष्क्रिय, हेही खरे नाही. लॅन्थॅनम फॉस्फेटमध्ये सीरियम व टर्बियम मिसळले, की सीरियम अतिनील किरण शोषून ती ऊर्जा टर्बियमला देते आणि हिरवा प्रकाश निघतो. अनेक सीएफएल दिव्यांतला हिरवा घटक हाच होता. निसर्गातल्या मोनॅझाइटच्या कणांनी तर थोरियम आणि युरेनियम कोट्यवधी वर्षे आपल्या चौकटीत धरून ठेवले आहेत. किरणोत्साराने चौकट बिघडते, पण मोनॅझाइट ती बरीचशी सावरून घेते. म्हणूनच अणुकचरा साठवण्यासाठी या संयुगांचा गंभीरपणे अभ्यास झाला आहे.

मात्र हे मंडन करताना मर्यादा झाकून चालणार नाही. सोलापूर ज्या उजनी धरणाचे पाणी पिते, तिथे पुण्या-पिंपरीचे सांडपाणी येते. मग लॅन्थॅनम भरलेली ती माती उजनीत टाकावी का? हिशेब करू. धरणाची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी, म्हणजे साधारण 330 कोटी घनमीटर. दर घनमीटरला 0.1 ग्रॅम स्फुरद धरला, तर एकूण 330 टन. एक किलो स्फुरद बांधायला सुमारे साडेचार किलो लॅन्थॅनम लागते, म्हणजे दीड हजार टन. मातीत लॅन्थॅनम पाच टक्के धरले, तर तीस हजार टन माती; आणि पुढच्या पावसाळ्यात नवा स्फुरद हजर. उजनीला इलाज एकच: पुण्या-पिंपरीतच सांडपाण्यावर पुरेशी प्रक्रिया.

सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाची गोष्ट वेगळी. तो लहान आहे, शहराच्या मध्यावर आहे. आधी त्यात येणारे सांडपाणी थांबवावे. मग सोलापूरच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विभागांनी पाण्यातला आणि गाळातला स्फुरद वेगवेगळा मोजावा, त्याच पाण्याच्या टाकीत लॅन्थॅनम मातीची चाचणी घ्यावी, पाण्यात सुटे लॅन्थॅनम किती उरते आणि माशांवर काय परिणाम होतो, तेही तपासावे. स्फुरद शेतात विरघळलेला हवा आणि तलावात बांधलेला. या दोन गरजा वेगळ्या आहेत. शेतातला नियम सगळीकडे लावला, म्हणून या संयुगांचे मोल आपल्या नजरेतून सुटले.