पाण्याखालील छायाचित्रण आणि सहपाणबुड्यांशी शिष्टाचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

समूहाने सागरतळाशी उतरणाऱ्या पाणबुड्यांमध्ये छायाचित्रकाराचे स्थान नेहमीच काहीसे अवघड राहिले आहे. इतरांना पुढे जावयाचे असते. त्याला एकाच जागी थांबावयाचे असते. हवेचा साठा मात्र सर्वांचाच मर्यादित असतो. या विसंगतीतून काही अलिखित संकेत निर्माण झाले. ते कसे घडले व कॅमेऱ्याच्या तंत्राबरोबर कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समूहपूर्व कालखंड

१८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी इंग्लंडमधील वेमथ येथे नावेतून पाण्यात कॅमेरा सोडून छायाचित्र घेतले. १८९३ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी बान्यूल्स-सूर-मेर येथे स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रे टिपली. सुरुवातीच्या काही छायाचित्रांना अर्ध्या तासापर्यंत प्रकाश द्यावा लागे. १८९९ मध्ये त्यांनी एमिल राकोवित्झा यांचे पाण्याखालील छायाचित्र घेतले. या काळात पाण्यात उतरणे हेच मुळी छायाचित्रासाठी होते आणि सोबतचे सर्वजण त्या कामातील साहाय्यक होते. परिणामी हितसंबंधांचा संघर्ष उद्भवण्याचे कारण नव्हते.

समूहाचा उदय आणि संकेतांची निर्मिती

१९४३ मध्ये कुस्टो व गान्यां यांनी ॲक्वालंग हे श्वसनयंत्र सिद्ध केल्यानंतर परिस्थिती पालटली. १९५३ मध्ये ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब आणि १९६६ मध्ये अमेरिकेत पॅडी या संस्था स्थापन झाल्या. हौशी पाणबुड्यांची संख्या वाढली आणि जोडीदारापासून दूर न जाण्याचा नियम प्रशिक्षणाचा भाग बनला. १९६३ मध्ये निकॉन कंपनीने निकोनॉस हा सुटसुटीत जलाभेद्य कॅमेरा बाजारात आणला. त्यामुळे छायाचित्रकार हा समूहातील अनेकांपैकी एक झाला.

यातून पुढील संकेत रूढ झाले : दुर्मीळ प्राणी आढळल्यास मोजकी छायाचित्रे घेऊन जागा मोकळी करावी, फिन्सच्या फटकाऱ्याने गाळ उडवून मागच्याचे दृश्य बिघडवू नये, प्राण्यास हलवू नये, आणि चित्राच्या नादात जोडीदारास विसरू नये. इतरांनीही छायाचित्रकाराच्या चौकटीत शिरू नये, अशी अपेक्षा असे. या संकेतांच्या पालनास फिल्मची मर्यादा साहाय्यभूत ठरली. एका रोलवर साधारणतः ३६ चित्रे येत आणि पाण्याखाली रोल बदलता येत नसे. संयम हा अशा रीतीने अंशतः यंत्रानेच लादलेला होता.

डिजिटल कालखंड

२००१ मध्ये निकोनॉसचे उत्पादन थांबले. डिजिटल कॅमेऱ्याने चित्रांच्या संख्येचे बंधन जवळपास नाहीसे केले. तसेच घेतलेले चित्र तेथेच पाहून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय झाली. परिणामी एकाच प्राण्यापाशी रेंगाळण्याचा मोह वाढला. फिल्मने जे नियंत्रण केले होते, ते आता केवळ व्यक्तीच्या विवेकावर सोपविले गेले.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. नोला बार्कर व कॅलम रॉबर्ट्स यांनी कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया येथे ३५३ पाणबुड्यांचे निरीक्षण केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार कॅमेरा बाळगणाऱ्यांचा प्रवाळभित्तीशी दर मिनिटास सरासरी ०.४ वेळा, तर इतरांचा ०.१ वेळा संपर्क आला. पाण्यात उतरण्यापूर्वी दिलेल्या एका वाक्याच्या सूचनेचा परिणाम दिसला नाही. मात्र मार्गदर्शकाने पाण्याखालीच हस्तक्षेप केल्यावर संपर्क घटला.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही या निष्कर्षास महत्त्व आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात हौशी पाणबुड्यांच्या वावरामुळे प्रवाळांची हानी होत असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदविले आहे. तेथील हानीचा सर्व दोष छायाचित्रणावर टाकणे योग्य ठरणार नाही; परंतु स्मरणचित्राची हौस जेथे आहे, तेथे सेंट लुसियाचा अनुभव दुर्लक्षिता येत नाही.

समारोप

शिष्टाचार हा सद्भावनेइतकाच परिस्थितीच्या बंधनांवर उभा असतो, असे या इतिहासावरून दिसते. फिल्मचे बंधन गेल्यावर संकेत तेच राहिले; त्यांचा आधार मात्र गेला. म्हणून छायाचित्रकारांचे लहान व स्वतंत्र गट करणे, प्रत्येकाची पाळी आधी ठरविणे आणि पाण्याखाली थांबविण्याचा अधिकार मार्गदर्शकास देणे आवश्यक ठरते. अन्यथा या संकेतांची किंमत सहपाणबुड्यांना आणि कोणतीही तक्रार करू न शकणाऱ्या प्रवाळांना मोजावी लागेल.