व्यापार करार आणि शेतातील जैवविविधता (दारव्हा)

दारव्हा (जि. यवतमाळ) हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. परदेशी बाजाराशी त्याचे नाते जुने आहे. वऱ्हाडचा कापूस विलायतेतील गिरण्यांसाठी वाहून नेणारा यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्ग, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, दारव्ह्यावरूनच जात असे. व्यापार करारांतील पर्यावरणाच्या अटी मात्र अलीकडच्या, आणि त्यांचा रोख मुख्यतः जंगल व वन्यजीवांवर. काळ्या जमिनीतील वाहितीचे शेत त्यांच्या नजरेत क्वचितच येते.

जागतिक व्यापाराच्या गॅट कराराचे विसावे कलम सजीवांच्या रक्षणासाठी व्यापारावर निर्बंध घालू देते. समुद्री कासवे अडकणाऱ्या जाळ्यांतील कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा तक्रारदारांत भारतही होता. १९९८ च्या निवाड्याने हेतू मान्य केला. देशादेशांत केलेला भेदभाव मात्र नाही.

दारव्ह्याच्या दृष्टीने कळीचे विषय दोन, बियाणे आणि फवारणी. बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराने वनस्पतींच्या वाणांना संरक्षण देणे बंधनकारक केले. भारताने युपॉव्ह या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत न जाता २००१ चा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमाने बियाणे राखण्याचा व देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क शाबूत ठेवला. पण २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि संकरित अमेरिकन कापसाने देशी कापूस जवळजवळ हद्दपार केला. संकरित बियाण्याची बॅग दरवर्षी विकतच घ्यावी लागते. हक्क वापरायचा तो कशावर?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, अनेक दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या डायफेन्थियुरॉनची (ते मधमाश्यांना व जलचरांनाही घातक) निर्यात स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२१ पासून थांबवली, तीही स्वतःच्या आदेशाने. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेल्या करारात शाश्वत विकासाचे प्रकरण आहे, पण ते लवादाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. मतभेद झाल्यास सल्लामसलत करायची, एवढेच.

युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी नियम हा करार नव्हे, एकतर्फी अट आहे. सोयाबीन त्यात येते, कापूस येत नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल तो अडवतो आणि शेताचे अक्षांश-रेखांश मागतो. विदर्भात सोयाबीन आले ते बहुतांशी ज्वारीच्या जुन्या वावरात. त्यामुळे अशा वावरांना ही अट सहज पुरी करता येते, आणि ज्वारीच्या गेलेल्या वाणांचा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही. त्यांची नोंद झालीच तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने २००२ च्या कायद्यानुसार ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत होते.